समाज ठरण्याचे दिवस

४ जुलै

शाळेतल्या पोरांना रोज चार ओळी लिहा म्हणून दटावते आणि स्वतः मात्र कधी ओळभरही लिहीत नाही. म्हणून आजपासून ही वही. शिवाय घरावर वेळच तशी आली आहे. पुढे कोणी विचारलं तर कुठेतरी लिहिलेलं असावं.

यानुआर आला होता. खालच्या नदीकडचा, आपल्यासारखाच इबान जमातीचा. आता जिल्ह्याच्या गावी एका संस्थेत काम करतो, त्यामुळे पायात बूट आणि तोंडात मोठे शब्द. त्याने सगळ्यांना ओसरीवर बसवून सांगितलं, की सरकारने आपल्याला ‘आदात-समाज’ म्हणजे रीतीने चालणारा समाज ठरवलं, तर डोंगरामागचं जंगल आपल्या नावावर होईल. नाही ठरवलं, तर ते सरकारचं, आणि सरकार ते पामतेलवाल्या कंपनीला देणार. कंपनीची माणसं झाडांना लाल फिती बांधून गेलीच आहेत. आता तपासणीचं पथक येईल आणि आपण समाज आहोत की नाही ते बघेल.

बाबा म्हणाले, “आम्ही आहोत की नाही हे ते बघणार? मग मघापासून तुझ्याशी बोलतंय कोण?”

ओसरी हसून लोटपोट झाली. बाबा घराचे मुखिया, त्यांना असं बोलायची मुभा आहे. यानुआर हसला नाही. म्हणाला, “मामा, विनोद त्यांच्यासमोर करू नका. शेजारच्या नदीवरचं घर नापास झालंय. तिथे आता मैलभर नुसते खड्डे खणलेत, रोपं लावायला.”



८ जुलै

दिवसभर तो शब्द डोक्यात घोळतोय. गंमत म्हणजे आपल्या बोलीत ‘समाज’ला शब्दच नाही. आपण विचारतो, “तुझं घर कुठलं?” एका छपराखाली, एका ओसरीवर जेवढ्या बिऱ्हाडांची दारं उघडतात तेवढी सगळी माणसं म्हणजे घर. त्याच्या बाहेर परकी माणसं आणि नदी.

सरकारकडे मात्र आपल्यासाठी शब्दांचा तुटवडा कधीच नव्हता. आजोबांच्या वेळी आपण ‘दूर पडलेला समाज’ होतो. तेव्हा साहेब येऊन सांगायचे, लांब घर मोडा, सुटी सुटी घरं बांधा, म्हणजे सुधाराल. मी शाळेत असताना आपण ‘जंगलात घुसलेले लोक’ झालो. आणि आता ज्या लांब घरापायी आपण मागासलेले होतो, त्याच्याचपायी मान्यता मिळणार!

हे सगळं मी सुबांगआजीला सांगितलं. आमच्या शेजारच्या दारातली, माझ्या मैत्रिणीची, मिंडूची आई. ती पान कुटत होती. म्हणाली, “पुढच्या वेळी जरा लहान नाव ठेवायला सांग गं मास्तरीण. एवढं मोठं मला बिनदातांचं बोलता येत नाही.”

२० जुलै

तारीख आली. चौदा ऑगस्ट. पथक दीड दिवस होडीतून वर येणार, रात्रभर राहणार, दुसऱ्या दिवशी दुपारी परतणार. यानुआरने बजावलं आहे की ही तारीख चुकली तर निवडणूक लागेल, फाईल नव्या माणसांकडे जाईल आणि तोवर कंपनीचं काम सुरू झालेलं असेल. सगळी तयारी माझ्या गळ्यात. बाबा म्हणाले, “तुला त्यांची भाषा येते, आणि हुकूम सोडायची तुला हौसही आहे.”

हौस आहे तर आहे. कोणीतरी करायला नको? होडीच्या धक्क्यापासून पितळी गाँग वाजवत त्यांना वर आणायचं, बाबांनी कोंबडा ओवाळायचा, तांदळाची दारू द्यायची, मग ओसरीवर नाच. नाचात पुढे मिंडू. या नदीवर तिच्यासारखं कोणी नाचत नाही. लहानपणी आम्ही दोघी एकत्रच शिकायला बसलो होतो. मला आठवड्याभरात घरी पाठवलं होतं.

३ ऑगस्ट

सुबांगआजी आजारी. ताप, आणि श्वास लागतो. मिंडू तालमीला येते पण लक्ष दाराकडे. मी दोनदा ओरडले. “अगं, हात वर कर की, पथक काय तुझं लक्ष कुठे आहे ते बघायला येतंय?” तिने हात वर केला. नंतर मला वाईट वाटलं. मी तिला भाजलेला मासा नेऊन दिला.

९ ऑगस्ट

आजीला बरं नाही. औषधाच्या गोळ्या संपल्या. दवाखान्यात न्यायचं तर ती म्हणते, “होडीत मरायला मी काय परकी आहे?”

आज एक विचार आला तो लिहूनच टाकते, वही माझीच आहे. घरात मयत झालं तर सगळं घर दुखवट्यात जातं. गाँग बंद, नाच बंद, रंगीत कपडा नाही, पाहुण्यांचं स्वागत नाही. मेलेल्याचा फणी-कंगवा, बांगड्या एका बोचक्यात बांधतात, आणि ते बोचकं सोडेपर्यंत महिनाभर घर गप्प. म्हणजे आजी आत्ता गेली तर पथक येईल आणि बघेल काय? मुकं घर. मी चर्चमध्ये जाऊन प्रार्थना केली आणि येताना अंजिराच्या झाडाखाली, जुन्या देवांसाठी, तांदूळही ठेवले. आजीला पंधरा तारखेच्या दुपारपर्यंत जगू दे. असं मागणं मागितलं. लाज वाटली, पण मागितलं.

१२ ऑगस्ट

आजी उठून बसली! पेज प्यायली. मला बघून म्हणाली, “आले का गं तुझे साहेब?” मी म्हटलं, परवा. “मग मला नवा सारोंग नेसायला काढून ठेव.” माझ्या जिवात जीव आला. आज मी कोणावरही ओरडले नाही, त्यावरून ओसरीवर चेष्टा झाली.

१४ ऑगस्ट, सकाळ

उजाडता उजाडता मिंडूने भिंतीवर टकटक केलं. मी गेले. आजी गेली होती. हात अजून गरम होता.

मिंडूने तोंड उघडलं. आपल्यात मयताला लगेच हंबरडा फोडतात, तो ऐकून मेलेल्याला वाट कळते. मी तिच्या तोंडावर हात ठेवला. देवाशपथ, विचार करून नाही ठेवला. हातच गेला. मग बाबांना बोलावलं.

आम्ही तिघं. मिंडूचा नवरा उंगाट सीमेपलीकडे लाकडाच्या कामावर, त्याला कळवायची सोयच नाही, आणि तिची पोरं आजीच्या आजारपणापासून आमच्याकडेच झोपतात. बाबा भिंतीला टेकून बसले, एकदम म्हातारे दिसायला लागले. म्हणाले, “होडी परत पाठवू. धक्क्यावर सांगू, घरात मयत आहे.”

मी म्हटलं, “आणि निवडणूक? आणि लाल फिती? बाबा, दीड दिवसाचा प्रश्न आहे. ते गेले की आपण सगळं करू. आजीला काय त्याचं?”

“तिलाच तर आहे,” बाबा म्हणाले. शेवटी मिंडूला म्हणाले, “पोरी, आई तुझी आहे. तू सांग.”

मिंडू माझ्याकडे बघत राहिली. मी म्हटलं, “जंगल गेलं तर तुझी पोरं काय करतील? कंपनीत खतं टाकतील. तुझ्या हातात आहे.” ती म्हणाली, “बरं.”

तिने स्वतः हो म्हटलं. मी जबरदस्ती केलेली नाही. हे मुद्दाम लिहून ठेवते.

१५ ऑगस्ट, संध्याकाळ

दोन दिवसांचं एकत्र लिहिते.

पथकात पाच माणसं. मुख्य साहेब हेंद्रा, जावाकडचे, मृदू बोलणारे, सारखे घाम पुसत होते. गाँग वाजले, कोंबडा ओवाळला, दारू झाली. साहेब एका घोटात पेला संपवून म्हणाले, “आमच्या धर्मात हे पाप आहे, पण तुमच्या रीतीपुढे मी कोण?” सगळे खूष.

नाचाच्या आधी मी मिंडूच्या दारात गेले. आत तिने कॉफीच्या बिया जाळल्या होत्या, वास दडपायला. आईला तो नवा सारोंग नेसवला होता. स्वतः डोक्यावर चांदीचा मुकुट चढवत होती, पण हातांना सुधरेना. मी बांधून दिला. ती म्हणाली, “लेंबा, गाँग वाजतायत. तिला वाटेल सण आहे. ती जाणारच नाही कुठे.”

मी म्हटलं, “आत्ता नको बोलूस ते. रडू फुटेल.”

ती नाचली. अशी कधीच नाचली नव्हती. साहेब पुढे वाकून बघत होते, त्यांच्यातल्या एकाने सगळं मोबाईलवर घेतलं. पलीकडच्या दारातली जेलियाकाकू माझ्या कानाशी म्हणाली, “हिची आई आजारी आणि ही डोळा वर करत नाही. काय झालंय हिला?” मी म्हटलं, दमली असेल.

मग ज्याची भीती होती तेच झालं. नाच संपल्यावर साहेब म्हणाले, आत कसे राहता ते बघायला आवडेल. आणि सरळ मिंडूच्याच दाराकडे निघाले. मी आडवी आले. “तिथे म्हातारी आजारी आहे, नुकती झोपलीय. आमच्याकडे चला ना.” मिंडू खांबाला धरून उभी होती. साहेब लगेच थांबले. दार लोटलेलंच होतं. त्यांनी फटीजवळ तोंड नेऊन हळूच म्हटलं, “आजी, लवकर बऱ्या व्हा हं.” मग माझ्याकडे वळून म्हणाले, “माझीही आई आजारी असते.”

मी त्यांना आमच्या दारात नेलं, चहा दिला, पणजोबांच्या काळच्या मानाच्या बरण्या दाखवल्या.

आज दुपारी ते गेले. यानुआरने होडीतून मला अंगठा दाखवला. होडी वळणाआड गेली आणि मिंडूचा हंबरडा उठला. सगळं घर धावलं. बाबांनी ओसरीवर जाहीर केलं की सुबांग आत्ता, दुपारी गेली.

जेलियाकाकूने प्रेताला अंघोळ घातली. बाहेर आली तेव्हा तिने माझ्याकडे बघितलं आणि मग बाबांकडे. ती कित्येक मयतं धुतलेली बाई, तिला कोणी काय सांगायचं? पण ती नुसती हात धुवून बसली.

बोचकं बांधलं. आता महिनाभर गप्प. जमलं एकदाचं.

२ सप्टेंबर

घरात कोणी माझ्याशी तुटक वागतंय असं नाही. पण मी ओसरीवर बसले की बाया दोन गोष्टी बोलून उठतात. कामं असतील, भाताची खाचरं साफ करायचे दिवस आहेत.

मिंडू भिंतीवर टकटक करत नाही. मी करते. ती “हं” म्हणते. तेवढंच. दुःखात माणूस असाच होतो.

१७ सप्टेंबर

उंगाट आला. सासू कधी गेली म्हणून विचारलं तर मिंडूने त्याला काय सांगितलं ते भिंतीपलीकडून ऐकू आलं नाही, नुसतं सांगत होती, सांगत होती. मग तो बाहेर आला आणि ओसरीवर सगळ्यांदेखत बाबांसमोर उभा राहिला. ओरडला नाही. “मामा, उद्यापासून आम्ही आमच्या फळ्या काढतो.”

आपल्यात घर सोडायचं तर प्रत्येकाला आपल्या बिऱ्हाडाचं लाकूड नेता येतं. हक्क आहे. पण कोणी नेत नाही.

बाबा म्हणाले, “पाऊस तोंडावर आलाय. सुगी होऊ दे.”

“माझ्या सासूला वाट दाखवायला तुम्हाला वेळ नव्हता. मला पावसाचं काय सांगता?”

कोणी एक शब्द मध्ये बोललं नाही. म्हणजे सगळ्यांना ठाऊक होतं. कधीपासून, कोण जाणे. मला एकटीला वाटत होतं की आम्ही तिघांतच आहे. काय मूर्ख बाई मी!

२० सप्टेंबर

फळ्या, दार, तुळया, सगळं तीन होड्यांतून वर गेलं, त्यांच्या शेतावरच्या झोपडीकडे. जाताना मिंडूने आईचं बोचकंही नेलं. जेलियाकाकू धक्क्यापर्यंत गेली, “अगं, ते सोडायचंय, महिना झाला!” मिंडू म्हणाली, “कुठल्या दिवसापासून महिना?”

आमच्या शेजारी आता भगदाड आहे. तिथून सरळ डोंगर दिसतो.

मी रागावले आहे. जंगल काय माझ्या एकटीचं आहे? तिच्या पोरांसाठीही केलं ना? खूप रागावले आहे, आणि रडूही येतंय, आणि भगदाडाला ताडपत्री बांधायला कोणी येत नाही म्हणून मी एकटीने बांधली.

२३ ऑक्टोबर

मान्यता मिळाली! यानुआर फोनसाठी टेकडीवर जाऊन थांबा म्हणाला होता, तिथेच कळलं. जंगल आपलं. लाल फिती सोडायच्या. आठ नोव्हेंबरला हेंद्रासाहेब स्वतः कागद घेऊन येणार, बरोबर पत्रकार. “तसंच स्वागत करा,” यानुआर म्हणाला. “त्या नाचणाऱ्या बाईंना पुढे ठेवा, त्यांचा फोटो जिल्ह्याच्या कचेरीत लावलाय.”

धावत खाली आले. ओसरीवर सांगितलं. सगळे खूष झाले, पण बसूनच. बाबा म्हणाले, “स्वागत नाही होणार. घर दुखवट्यात आहे.”

“अहो, महिना उलटून गेला की!”

“बोचकं सुटलेलं नाही. ते सुटत नाही तोवर या ओसरीवर गाँगला हात लावायचा नाही. एकदा लावला तेवढा बास.”

जेलियाकाकू म्हणाली, “झालो बाई आपण एकदाचे रीतीचा समाज.” त्यावर मात्र दोघी-तिघी हसल्या.

३० ऑक्टोबर

मिंडूकडे जाऊन आले. होडीने सकाळभर वर. ती मिरच्या वाळत घालत होती. मी शिडीच्या पायथ्याशी उभी राहिले. ती ये म्हणाली नाही.

“कशाला आलीस? आई आठवली म्हणून की गाँग वाजवायचेत म्हणून?”

मी म्हटलं, “गाँगसाठी.”

ती हसली. खरंच हसली. “निदान आज खोटं बोलली नाहीस. ये, बस.”

मी बसले. मी म्हटलं, तूच हो म्हणाली होतीस. ती म्हणाली, “तू तोंडावर हात ठेवल्यावर माणूस काय म्हणणार गं?” ती पुढे म्हणाली, “रोज वाटतं, ती तिथेच बसलीय, गाँग थांबायची वाट बघत. तिला कोणी सांगितलंच नाही की ती मेली. बोचकं सोडताना मोठ्याने दिवस सांगावा लागतो ना? मग सांगा. ओसरीवर, जे पाहुणे त्या दिवशी होते त्यांच्यासमोर, खरा दिवस सांगा. मी स्वतः घेऊन येईन.”

“पाहुण्यांसमोर? वेड लागलंय तुला? ते म्हणतील, हे कसले रीतीचे लोक, मयत लपवून नाचले! कागद परत नेतील. सगळं जंगल जाईल, मिंडू!”

“जाईल,” ती म्हणाली. “मिरच्या घेऊन जा थोड्या.”

मिरच्या घेतल्या. परत येताना सगळा वेळ तिला शिव्या घातल्या, मनात.

७ नोव्हेंबर

बाबांना तिची अट सांगितली. ते म्हणाले, “मी मुखिया आहे, बोलायचं तर मी बोलेन. पण मला त्यांची भाषा येत नाही. मी बोललो तरी त्यांना तू सांगशील तेच कळणार.” एवढं बोलून जाळं विणायला बसले.

म्हणजे माझ्यावर टाकलं. मी काही बोलणार नाही. एवढ्या माणसांचं जंगल एका वाक्यात घालवायला मी काही खुळी नाही. उद्या स्वागतातलं गाँगचं कलम गाळायचं, म्हणायचं, रीतीचाच भाग आहे, शांत स्वागत. कोणाला कळतंय?

८ नोव्हेंबर

ते आले. शांत स्वागत झालं. साहेब काही म्हणाले नाहीत. पत्रकारांची मात्र निराशा दिसली. यानुआर माझ्याकडे डोळे वटारत होता.

साहेब कागद काढून उभे राहिले. चांगली मोठी काचेची चौकट केली होती. वाचायच्या आधी इकडेतिकडे बघून म्हणाले, “त्या नाचणाऱ्या बाई दिसत नाहीत? आणि इथे दार होतं ना, इथे ताडपत्री?” मी म्हटलं, दुरुस्ती. “आणि आजी? बऱ्या झाल्या का?”

बाबांना तेवढं कळलं. ते आपल्या बोलीत म्हणाले, “त्यांना सांग, ती वारली. घर दुखवट्यात आहे.” मी ते सांगितलं. साहेबांचा चेहरा पडला. चौकट खाली ठेवून त्यांनी हात जोडल्यासारखे केले. “अरेरे. कधी गेल्या?”

सगळं घर माझ्याकडे बघत होतं. साहेबांच्या भाषेतला तेवढा प्रश्न जेलियाकाकूलाही कळला असावा.

पंधरा ऑगस्टला दुपारी, एवढंच म्हणायचं होतं. मी तोंड उघडलं आणि म्हटलं, “साहेब, तुम्ही दाराशी बोललात तेव्हा त्या गेलेल्याच होत्या. पहाटेच गेल्या होत्या. आम्ही तुमच्यापासून लपवलं. त्यांची मुलगी तुमच्यासमोर नाचली ती आई आत ठेवून. हे माझ्या सांगण्यावरून झालं.” मग तेच मी आपल्या बोलीत, ओसरीला ऐकू जाईल असं म्हटलं. दिवस, वेळ, सगळं.

यानुआरने कपाळावर हात मारला. साहेब त्या ताडपत्रीकडे वळले. मला वाटलं, आता चौकट उचलतात आणि निघतात. ते म्हणाले, “सही झालेला कागद मला परत नेता येत नाही.” तो त्यांनी बाबांच्या हातात दिला. मग माझ्याकडे वळून, अगदी हळू आवाजात म्हणाले, “पण धक्क्यावर सांगायचं ना, बाई. आम्ही तिथूनच परत फिरलो असतो. पुढच्या महिन्यात आलो असतो. घरात मयत झालं की सगळे थांबतात, हेच तर आम्हाला लिहून न्यायचं होतं.”

मला हुंदका आला तो आवरला नाही. ओसरीवर, पाहुण्यांसमोर, मी सुबांगआजीचं नाव घेऊन हंबरडा फोडला, आणि माझ्यामागोमाग जेलियाकाकूने, आणि मग एकेका दारातून बायांनी. या वेळी माझ्या तोंडावर कोणी हात ठेवला नाही.

बाबांनी बोचकं सुटेपर्यंत चौकट भिंतीला उलटी टेकवून ठेवली आणि मिंडूला बोचक्यासकट आणायला होडी पाठवली.